पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प

ओडेसा टॉलिव्हरने चौतीस वर्षं जिल्ह्याच्या हॉस्पिटलात चादरी धुतल्या. तळघरात. वर कोण जन्मलं, कोण गेलं हे तिला कुणी सांगत नसे. चादर सांगे.

रक्ताची चादर आधी थंड पाण्यात घालायची असते. गरम पाण्यात गेली की डाग कायमचा बसतो. हे ती नव्या मुलींना दरवर्षी शिकवायची आणि दरवर्षी एखादी तरी गठ्ठाच्या गठ्ठा नासवायची. म्हणून दुसऱ्या मजल्याच्या, म्हणजे बाळंतिणींच्या पिशव्या ओडेसा स्वतःच उघडू लागली. उघडता उघडता तिच्या लक्षात आलं की सगळे डाग सारखे नसतात. काही चादरींवर एकच डाग, ओला आणि लाल. बाई मोकळी झाली, चादर निघाली, खाली आली. काहींवर मात्र वलयं असत. कडेला तपकिरी, वाळून कडक झालेलं. त्याच्या आत काळपट, त्याच्या आत लाल. म्हणजे ती चादर बाईच्या अंगाखाली तासन्‌तास तशीच होती.

कुणाच्या अंगाखाली?

हा प्रश्न डोक्यात शिरला आणि निघेना. पिशवीवर खोलीचा नंबर असे, नाव नसे. दुसऱ्या मजल्यावर फरशी पुसणारी पर्ल तिच्यासोबत जेवायला बसायची. ओडेसाने तिला विचारलं, "एकवीस नंबरात काल कोण होतं?"

"मला नावं माहीत नसतात."

"नाव नको. काळी की गोरी, एवढंच सांग."

पर्लने मक्याच्या पावाचा तुकडा खाली ठेवला. "तुला कशाला हवंय?"

"मलाही अजून माहीत नाही."

तीन महिने पर्ल सांगत राहिली आणि ओडेसा लक्षात ठेवत राहिली. त्या मजल्यावर येणाऱ्या बायका निम्म्या काळ्या, निम्म्या गोऱ्या. वलयांच्या चादरी वीस निघाल्या. त्यातल्या पंधरा काळ्या, म्हणजे आपल्या बायकांच्या. ती मुकादमाकडे गेली आणि सांगितलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "ओडेसा, तुला चादरी धुवायचा पगार मिळतो, वाचायचा नाही."

ती परत खाली गेली आणि धुवायला लागली. वाचणं काही थांबलं नाही.

रविवारी मात्र तिच्या अंगावर वेगळे कपडे असत. पांढरा गणवेश, पांढरे मोजे, पांढरे बूट, डोक्यावर स्टार्च केलेली टोपी. टॅलो क्रीक गावात काळ्या लोकांचं माउंट नेबो चर्च, तिथे चार बायकांचं नर्स मंडळ होतं. चौघींपैकी एकीनेही नर्सिंगची शाळा पाहिलेली नव्हती. सिस्टर जोलीन शाळेत स्वयंपाक करायची, बाकी दोघी कोंबड्यांच्या कारखान्यात. त्यांचं काम ठरलेलं होतं. गाणं चढत जातं, ऑर्गन वेग धरतो आणि कुणावर तरी पवित्र आत्मा उतरतो. मग ती बाई नाचते, हात वर करते, कोसळते. नर्सांनी आधी तिचा चष्मा काढायचा, मग कानातलं. मागे उभं राहून झेलायचं, गुडघ्यांवर पांढरं फडकं टाकायचं, वारा घालायचा. हातपंखे गावातल्या अंत्यविधीच्या दुकानाने फुकट दिलेले, मागे त्यांचा फोन नंबर छापलेला. आत्म्याला अडवायचं नाही, हा एकच नियम.

ओडेसा हे काम चादरीच्या घडीसारखं चोख करायची. चष्मा विसरला म्हणून तिने जोलीनला एकदा सगळ्यांसमोर झापलं होतं.

त्या रविवारी व्हर्निटा हिगिन्सवर आत्मा उतरला असं सगळ्यांना वाटलं. व्हर्निटा शाळेची बस चालवायची. आठवा महिना. गाण्याच्या ऐन भरात ती ताठ झाली, मागे पडली आणि थरथरू लागली. ओडेसाने तिचं डोकं झेललं, चष्मा काढला, फडकं टाकलं. चौघी वारा घालू लागल्या. बाकावरच्या बायका "आभारी आहोत, येशू" म्हणत राहिल्या. ऑर्गन आणखी चढला. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. आठ मिनिटांनी ओडेसाने व्हर्निटाच्या डोळ्यांत पाहिलं, तेव्हा तिला कळलं की इथे कुणीही उतरलेलं नाही.

हॉस्पिटलात मूल वाचलं. व्हर्निटा वाचली नाही. सोमवारी दुसऱ्या मजल्यावरून तिच्या खोलीची पिशवी खाली आली. ओडेसाने चादर उलगडली. तीन वलयं होती.

आठ मिनिटं आम्ही घालवली, तिने हिशेब केला. बाकीचे तास वरच्यांनी. तिने दोन्हींतलं काही सोडलं नाही.

रडून झाल्यावर बाकीच्यांनी म्हटलं, देवाची इच्छा. ओडेसाला ते पटलं नाही असं नाही. पण देवाच्या इच्छेला काहीतरी नाव असेल, असं तिला वाटत होतं. ती मदर लुबर्टाकडे गेली.

मदर लुबर्टा चर्चच्या मातामंडळातली सर्वांत म्हातारी. पहिल्या बाकावर पांढरी हॅट घालून बसायची. तरुणपणी तिने या जिल्ह्यात सहाशेवर बाळंतपणं केली होती. मग सरकारने सुईणींचे परवाने बंद केले. एक पत्र आलं, आभाराचं. ते तिने चौकटीत लावून न्हाणीघरात टांगलं होतं.

"मदर, तिला काय झालं होतं?"

"पाय पाहिले होतेस तिचे?"

"सुजले होते. आठव्या महिन्यात सगळ्यांचेच सुजतात."

"आणि हात?"

ओडेसाने आठवून पाहिलं. "लग्नाची अंगठी तिने साखळीत ओवून गळ्यात घातली होती. मला वाटलं, फॅशन."

"फॅशन," मदर लुबर्टा म्हणाली. "बयो, तुला चादरी वाचता येतात आणि बाईचं बोट वाचता येत नाही?"

त्या हिवाळ्यात ओडेसा दर गुरुवारी तिच्या स्वयंपाकघरात बसली. नडगीवर अंगठा दाबायचा आणि खळगा भरायला किती वेळ लागतो ते पाहायचं. डोकं दुखतं का विचारायचं. डोळ्यांपुढे ठिणग्या दिसतात का. उजव्या बरगडीखाली दुखतं का. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बाळंत झाल्यावर सुटलो असं समजायचं नाही. रक्ताचं हे प्रेशर बाळंतपणानंतरही सहा आठवडे दबा धरून बसतं.

"नंतरही? मूल बाहेर आल्यावर कशाला चढतं ते?"

"ते देवाला विचार. मला विचारशील तर मी एवढंच सांगेन, मोज."

ओडेसाने प्रेशरचं मशीन घेतलं. आरोग्य खात्याच्या बाईकडून चार शनिवार शिकून घेतलं. तिला वाटलं होतं, पट्टा बांधायचा आणि बटण दाबायचं. तसं नव्हतं. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा चढतो. पाय लोंबकळत असतील तर चढतो. बोललं तर चढतो. म्हणून आधी पाच मिनिटं बसवायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर, तोंड बंद. मग मोजायचं, थोडं थांबून पुन्हा मोजायचं. हे ऐकून ओडेसाला बरं वाटलं. ज्या कामात चुकायला इतक्या जागा आहेत ते काम शिकण्यासारखं असतं.

अडचण एकच होती. माउंट नेबोत पाच मिनिटं गप्प बसू शकेल असं माणूस नव्हतं. तिने नर्स मंडळावर सराव केला. जोलीन तिसऱ्या मिनिटाला म्हणाली, "मी बोलत नाहीये, फक्त सांगतेय की मी बोलत नाहीये." ओडेसाने घड्याळ पुन्हा शून्यावर लावलं. चार वेळा लावलं.

रेव्हरंड क्लेबर्न हायटॉवर यांना तिने दोन गोष्टी मागितल्या. उपासना संपल्यावर मागच्या खोलीत गरोदर बायकांना आणि बाळंतिणींना मोजायची परवानगी. आणि गरोदर बाई किंवा बाळंतीण कोसळली तर ऑर्गन थांबवायचा.

"सिस्टर टॉलिव्हर," रेव्हरंड म्हणाले, "आता पवित्र आत्म्यालाही पट्टा बांधणार का?"

चर्चचा कारभार पाहणारी डीकन मंडळी हसली.

"आत्म्याला नाही, रेव्हरंड. दंडाला."

मागची खोली मिळाली. ऑर्गनचं मात्र त्यांनी साफ नाकारलं. आत्मा कोणता आणि झटका कोणता, हे ठरवणार कोण? त्यात ते चुकीचं काही बोलत नव्हते. ओडेसाला तरी कुठे माहीत होतं? आठ मिनिटं तीच फसली होती.

म्हणून ती पाहू लागली. तीन वर्षं, दर रविवारी. ज्यांच्यावर आत्मा उतरतो त्यांचे हात पाहिले, माना पाहिल्या, डोळे पाहिले. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मग एका रविवारी जोलीन नाचत होती, आणि तिचा चष्मा हातात घेऊन मागे उभ्या असलेल्या ओडेसाची नजर खाली गेली. जोलीनचे गुडघे अधू, डोळे मिटलेले, स्वतःचं नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण पाय ऑर्गनच्या ठेक्यावर पडत होते. एकही चुकत नव्हता. ओडेसाने पुढच्या रविवारी दुसरीचे पाय पाहिले. मग तिसरीचे. कोसळून जमिनीवर पडलेल्या माणसाचीही टाच ठेका धरून असायची. ब्रदर एझेलने ऑर्गनचा वेग बदलला की पाय बदलत.

आणि मग तिला व्हर्निटाचा बूट आठवला. बाकाच्या लाकडावर आपटणारा. त्याला ठेका नव्हता. तो आवाज तेव्हाही तिच्या कानावर पडला होता.

ती पुन्हा रेव्हरंडकडे गेली.

"तीस वर्षं मी या व्यासपीठावर उभा आहे," ते म्हणाले. "मला नाही कधी हे दिसलं."

"तुम्ही वर पाहता, रेव्हरंड. मी खाली पाहते."

"भरात आलेली उपासना मी कुणाच्या तरी बुटाकडे पाहून थांबवू?"

"हो," ओडेसा म्हणाली.

त्यांनी नाही म्हटलं. ओडेसा निवृत्त झाली. मागच्या खोलीत मोजत राहिली. सहा बायकांना तिने वेळेवर हॉस्पिटलात धाडलं. त्यांतल्या दोघींना दारातूनच परत पाठवलं गेलं. बाईने आकडा सांगितला, तर मशीन कुठलं ते विचारलं. कुठे मोजलं, म्हणाले; ती म्हणाली, चर्चमध्ये. मग नाचत असाल, चढणारच, म्हणाले. तेव्हापासून ओडेसा रुग्णाबरोबर स्वतः जाऊ लागली, गणवेशासकट.

मग ब्रिएल कोट्सचा रविवार आला.

ब्रिएल गायकवृंदातली. आवाज असा की डीकन रूफसही जागे होत. दहा दिवसांची बाळंतीण. बाळाला बाकावर मावशीच्या मांडीवर देऊन ती गायला उभी राहणार होती. दारात ओडेसाने विचारलं, "कशी आहेस, बाळा?"

"डोकं धरलंय, मिस ओडेसा. शुक्रवारपासून. हॉस्पिटलात फोन केला होता. म्हणाल्या, झोप होत नसेल, गोळी घे."

"चल मागच्या खोलीत."

"एक गाणं म्हणते आणि येते. माझ्याशिवाय वरची पट्टी कोण घेणार, सिस्टर जोलीन?"

"ऐकतेय मी," जोलीन मागून म्हणाली.

ओडेसाने तिला जाऊ दिलं. ही तिची चूक. ती नंतर कुणी विचारलं तर स्वतःच सांगायची.

तिसऱ्या कडव्याला ब्रिएलने हात वर केले. मान मागे टाकली, एका हाताने डोळे झाकले, डोलू लागली. बाकांवरून "आमेन" उठलं. ऑर्गन चढला. जोलीन फडकं घेऊन निघाली. ओडेसा ब्रिएलच्या पायांकडे पाहत होती. ब्रिएलचे पाय, जे झोपेतही चुकले नसते, ते नुसते तोल सावरत होते. एक इकडे, एक तिकडे. ऑर्गन त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

ओडेसा मधल्या वाटेने सरळ पुढे गेली आणि ब्रदर एझेलसमोर तळवा खाली करून हात धरला. थांब. एझेलने वाजवता वाजवता रेव्हरंडकडे पाहिलं. त्याची बोटं थांबवायचा हक्क एकट्या रेव्हरंडचा होता. रेव्हरंडनी ओडेसाकडे पाहिलं. मग ते व्यासपीठावरून वाकले आणि खाली पाहिलं. ब्रिएलच्या बुटांकडे. दोन ठेके गेले असतील, तीन. त्यांनी हात खाली आणला.

ऑर्गन थांबला. पाय मात्र त्याच्याबरोबर थांबले नाहीत, ते तसेच भेलकांडत राहिले. ते आता सगळ्यांना दिसलं.

ओडेसाने तिला पहिल्या बाकावर बसवलं. मोठा पट्टा बांधला. एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे बारा.

जिल्ह्यात अ‍ॅम्ब्युलन्स दोन. फोन केला, तर तास लागेल म्हणाले. डीकन रूफस चर्चची गाडी आणायला धावले. गाडीत चाळीस खुर्च्या भरलेल्या होत्या, त्या आधी काढायच्या होत्या. पुरुष माणसं त्यांच्यामागे गेली.

"पाच मिनिटं," ओडेसा म्हणाली.

"कसली पाच मिनिटं?" जोलीन म्हणाली. "उचल तिला."

"खुर्च्या निघेपर्यंत तसंही थांबायचंच आहे. हा आकडा घेऊन गेलो तर म्हणतील, उभी राहून गात होती, चढणारच. बसलेला आकडा हवा. आपल्या बाईचा आकडा दोनदा बरोबर असावा लागतो." ती बाकांकडे वळली. "कुणी बोलायचं नाही. गुणगुणायचं नाही. आमेनसुद्धा नको."

ब्रिएलची पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात मदर लुबर्टाच्या मांडीवर. दोनशे माणसं गप्प बसली. बाहेर खुर्च्या गवतावर पडत होत्या, त्यांचा आवाज येत होता. रेव्हरंड उभेच होते, मग ते पायरीवर बसले. बाळाने एकदा कुरकुर केली, मावशीने त्याच्या तोंडात करंगळी दिली. जोलीनने दोन्ही हातांनी तोंड धरलं होतं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण शब्द नाही.

घड्याळ तेच होतं. आठ मिनिटांचं.

एकशे ब्याऐंशी, खाली एकशे चौदा.

हॉस्पिटल बावीस मैल. खिडकीतली बाई म्हणाली, बसा, नाव पुकारू. ओडेसा बसली नाही. तिने किती वेळ लागेल ते विचारलं. उत्तर आलं नाही, तेव्हा आतल्या नर्सला बोलावून द्या म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. नर्स आली. तरुण, गोरी, सकाळपासून पाय टेकले नसावेत असा चेहरा. कामाने दमलेलं माणूस ओडेसाला ओळखू येई.

"बाळ होऊन दहा दिवस झाले म्हणता," नर्स म्हणाली. "मग आता बाळंतपणाचा काय संबंध?"

"सहा आठवड्यांपर्यंत संबंध असतो. डोकं शुक्रवारपासून. डोळ्यांपुढे ठिणग्या. एकशे ब्याऐंशी, एकशे चौदा. पाच मिनिटं बसवून, पाय जमिनीवर, मोठा पट्टा."

नर्सने तिचा गणवेश पाहिला, टोपी पाहिली. "तुम्ही नर्स आहात?"

"नाही. मी खाली धुलाईत होते. चौतीस वर्षं."

"आणि हे?"

रेव्हरंड झग्यातच आले होते. "मी यांच्याबरोबर आहे," ते म्हणाले.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," ओडेसा म्हणाली. "तुम्ही स्वतः मोजा. इथेच, आत्ता. आम्ही गप्प उभे राहतो."

नर्सने भिंतीवरचा पट्टा काढला. ओडेसा म्हणाली, "तो लहान आहे." नर्सने पट्ट्यावरचं माप पाहिलं. मग तिने खण उघडून दुसरा काढला. कुणी बोललं नाही. आकडा आला तेव्हा नर्सने तो वाचूनसुद्धा दाखवला नाही, फोन उचलला.

पंधरा मिनिटांत ब्रिएल दुसऱ्या मजल्यावर होती, हाताला सलाईन. डॉक्टर म्हणाले, झटक्यावाचून संध्याकाळ झाली नसती. संध्याकाळ झाली. ब्रिएलने डोळे उघडून विचारलं, "वरची पट्टी कुणी घेतली?"

"कुणीच नाही. गप्प बसलो होतो सगळे."

"सिस्टर जोलीनसुद्धा?"

"तीसुद्धा."

ब्रिएलला ते खरं वाटलं नाही. ओडेसाने तिच्या अंगावरचं पांघरूण जरा उचललं आणि खालची चादर पाहिली.

"काय बघताय, मिस ओडेसा?"

"सवय आहे." चादर कोरडी होती, स्वच्छ होती. कोपऱ्याची घडी तेवढी ढिली होती. ती तिने काढून पुन्हा नीट खोचली.

पुढच्या महिन्यात ती आणि रेव्हरंड हॉस्पिटलच्या कारभारी मंडळाच्या बैठकीत गेले. तिने वीस चादरींतल्या पंधरांचं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, फार जुनी गोष्ट आहे. ओडेसा म्हणाली, "मग नव्या दाखवा." उत्तर अजून आलेलं नाही. दोघं दर महिन्याला जातात आणि तेच विचारतात. आता त्यांच्याबरोबर आणखी तीन चर्चच्या नर्सा असतात, पांढऱ्या गणवेशात, पहिल्या रांगेत.

माउंट नेबोत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाच मिनिटं कुणी बोलत नाही. निदान तसं ठरलं आहे. पहिल्या वेळी सगळ्यांसमोर बाही वर करून रेव्हरंड बसले.

"एक विचारायचं राहिलं," पट्टा बांधता बांधता ओडेसा म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही खाली का पाहिलंत? तुम्हाला पटलं तर नव्हतं."

रेव्हरंडनी तोंड उघडलं.

"आता बोलू नका," ती म्हणाली. "पाय जमिनीवर."

पाच मिनिटं ते बसले. दोनदा मोजून झालं. दोन्ही आकडे तिला आवडले नाहीत, तसं तिने सांगितलं. मग म्हणाली, "हं, बोला."

"तीन वर्षं तुम्ही खाली पाहत होतात," रेव्हरंड बाही खाली करत म्हणाले. "म्हटलं, एकदा पाहू तरी, आहे काय तिथे."